बंद विहीर

लेक नेलपॉलिश पुसायला बसली की त्या वासाने मला नेऱ्याच्या वाटेवरची एक विहीर आठवते. कारखान्याच्या रसायनाने नासलेलं भूजल कमी खर्चात कुठून उपसायचं, हे आमचा संगणकावरचा प्रोग्राम शोधायचा. मोटर दिसली नाही म्हणून ती विहीर मी त्यात ‘बंद’ अशी नोंदवली, आणि प्रोग्रामने सगळी घाण तिच्याच खालून पंपाकडे ओढायची ठरवली. पंप सुरू झाल्यावर साहेबांबरोबर पाहणीला गेलो, तर एक म्हातारी तिथे दोराने पाणी शेंदत होती. “उनातून आलास, पानी पी,” म्हणत तिने तांब्या पुढे केला. पाण्याला हाच वास होता. मी नको म्हणालो. “का रं, आमच्या हातचं चालत नाय?” तिचा चेहराच उतरला. साहेब शेजारी उभे, खरं बोलायची सोय नव्हती. मी गटागटा प्यालो. ती हसली. मी एकदाच प्यालो; ती रोज पीत होती.