बीमवरून उतरल्यावर

मी पाचवीत असताना आमच्या शाळेत नवे क्रीडाशिक्षक आले. शाळा मंगरूळपीरच्या बाहेर, आमच्या भाजीच्या मळ्यापासून पायी जाण्यासारखी. सर तरुणपणी स्वतः जिम्नॅस्टिक्स खेळलेले. शाळेत मॅट नव्हती, म्हणून त्यांनी पोत्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलं, ती शिवून घेतली, वर जुनी सतरंजी अंथरली आणि आम्हा पोरींना कोलांट्या शिकवायला लागले. कुटार सतरंजीतूनही टोचायचं, अंगाला खाज सुटायची. बाकीच्या पोरी हळूहळू गळल्या. मी राहिले. हवेत उलटं झाल्यावर एक क्षण असा येतो की वर काय नि खाली काय ते कळत नाही, आणि तरी पाय नेमके जमिनीवर येतात. मला त्या क्षणाची चटक लागली होती.

वर्षभरानं सर मळ्यात आले. वडील वांगी तोडत होते.

"पोट्टीच्या अंगात हाये हे," सर म्हणाले. "अथीच ठेवसान तं वाया जाईन. मोठ्या शहरात सेंटर हाये. राहणं, खाणं, शाळा, समदं तिथंच."

"येवढीशी पोर, एकटी कशी राहीन वो?" माय म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले जायचं हाये काय?"

"हाव," मी म्हणाले. घरात मला कुणी असं विचारून ठरवलेली ती पहिलीच गोष्ट.

सेंटरवर आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी मला कधी मारलं नाही. हे आधीच सांगते, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. मॅडमचा आवाजही कधी चढत नसे. त्यांना शिकवता यायचं. बीमवर, म्हणजे त्या उंच, तळपायाएवढ्या रुंदीच्या लाकडी पट्टीवर, माझा तोल कुठे जातो ते त्यांना माझ्या आधी कळायचं. त्या नुसतं बोट लावायच्या, कमरेला किंवा खांद्याला, आणि शरीर जागेवर यायचं. त्या "ठीक" म्हणाल्या की माझा दिवस सोन्याचा व्हायचा. याहून जास्त त्या बोलत नसत.

सकाळी सरावाआधी वजनकाट्यावर उभं राहायचं. वजन वाढलेलं दिसलं की मॅडम काही न बोलता पुढच्या मुलीकडे वळायच्या. त्या दिवशी पोळी घेताना हात आपोआप आखडायचा. मेसमधल्या मावशी वरण वाढताना डाव अर्ध्यावर थांबवून विचारायच्या, "घालू का गं?" आणि आम्ही मान हलवायचो. मी अशा घरातून आलेली, जिथे जेवताना "अजून घे" हे वाक्य कधी संपतच नसे. सुरुवातीला भूक लागायची. पुढे ती लागेनाशी झाली, आणि मला वाटलं, आता मी खरी खेळाडू झाले.

पहिल्या वर्षी वडील भेटायला आले. पिशवीत पेरू होते, मायनं केलेल्या धपाट्या होत्या. त्यांना हॉलच्या दारात उभं राहायला सांगितलं होतं. आत आमचं ताणायचं काम चाललं होतं. माझा एक पाय पुढे ठोकळ्यावर, एक मागे ठोकळ्यावर, मधलं अंग खाली, आणि मॅडम माझ्या मांडीवर दोन्ही हातांनी भार देत होत्या. रडू यायचं ते येत होतं. तिथे सगळ्याच रडायच्या, त्याला रडणं कुणी म्हणत नसे.

वडील चपला काढून आत आले. "मॅडम, लेकरू रडून राह्यलं."

"रडतात सगळ्या," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला मेडल हवंय ना तिचं?"

वडिलांनी हात जोडले. का जोडले, त्यांनाही सांगता आलं नसतं. ते मागे सरत सरत दाराबाहेर गेले. मुली हसल्या. मला वडिलांचा राग आला, इतका की त्यांना निरोप देतानाही मी नीट बोलले नाही. धपाट्या खायला परवानगी नव्हती. मी पिशवी तशीच परत दिली.

"थोडं तं खाजो माय," ते म्हणाले. "पार चिपाड झाली तू."

दोन वर्षांनी राज्य स्पर्धेत मला बीमवर सुवर्णपदक मिळालं. सुट्टीत घरी आले तर रस्त्यावर माझा फोटो असलेला फ्लेक्स लागलेला. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात वडील मला सोबत घेऊन गेले. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडता मांडता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "हे आमची पोरगी." एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय करते हे?" वडिलांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "लाकडावर उड्या मारते." मग आम्ही दोघं खूप हसलो. वडिलांसोबत एवढी हसल्याचं मला पुन्हा कधी आठवत नाही.

पाठ दुखायला लागली ती त्याच्या पुढच्या वर्षी. मी उंच व्हायला लागले होते. "वाढतेस तू," मॅडम म्हणायच्या, जणू मी चोरून काही केलं असावं. कमरेच्या जरा वर, मधोमध, मागे वाकलं की सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. बीमवरचं अर्धं काम मागे वाकण्याचं. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी बर्फ लावायला सांगितलं. परत सांगितलं, तेव्हा गोळी दिली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाठ कुणाची दुखत नाही इथे? राष्ट्रीय स्पर्धेची निवड तोंडावर आली आहे. नंतर बघू."

मग मी सांगणं सोडलं नाही, पण सांगण्याची पद्धत बदलली. "थोडं दुखतंय," असं म्हणायला लागले. मग "आज बरं आहे, कालच्यापेक्षा." सकाळी पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग गुडघे खाली सोडायचे, मग हातांवर जोर देऊन उठायचं, हे मी माझं मीच शिकले. वर्गात बसवेना, तर मी मागच्या भिंतीशी उभी राहायचे. शिक्षकांना वाटायचं, खेळाडू आहे, शिस्तीची आहे.

निवड चाचणीच्या दिवशी माझं बीम चांगलं चाललं होतं. शेवटची उडी राहिली होती, बीमच्या टोकावरून हवेत उलटी होऊन मॅटवर उतरायची. मी उडाले. वर खाली कळत नाही तो क्षण आला. पाय जमिनीवरही आले. पण पाठीत काहीतरी सरकलं आणि डावा पाय माझा राहिला नाही. मी हात वर करायला गेले, परीक्षकांना तसं करावं लागतं, आणि हात वर असतानाच बाजूला कोसळले.

वडील दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टर एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून दाखवत होते. पाठीच्या मणक्याला जुनी भेग होती, आणि आता तो मणका पुढे सरकला होता.

"ही भेग कालची नाही," डॉक्टर म्हणाले. "किती दिवसांपासून दुखतंय?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"तिने कधी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सांगितलं नाहीस?"

वडील उशाशी होते. मला वाटत होतं, काही महिन्यांत बरी होऊन मी याच मॅडमकडे परत येणार आहे.

"नाही," मी म्हणाले.

मी परत गेले नाही. कडक पट्टा बांधून घरी आले. उडी नाही, ओझं नाही, वाकणं नाही. मॅडमचा फोन येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. सेंटरवरून माझी पेटी आणि चादर पार्सलनं आली, तेव्हा वाट पाहणं थांबलं. फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला आणि कुणीतरी तो कुटारावर झाकायला नेला. घरी पोटभर जेवायला लागल्यावर काही महिन्यांनी पाळी आली, पहिल्यांदा. तोवर सोळावं लागलं होतं. मायनं देवापुढे दिवा लावला. तिनं ती चिंता एवढी वर्षं एकटीनं मनात ठेवली होती.

वडिलांचा मात्र एकच ठेका. पिकाला पाणी देता देता, जेवता जेवता, मधेच म्हणायचे, "दुखून राह्यलं तं सांगायले काय झालं व्हतं तुले? कायले लपवलं?" मी विषय बदलायचे. ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. छातीत दुखून गेले, शेतातच. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की त्यांच्या पोरीनं हट्टानं स्वतःची पाठ मोडून घेतली.

मागच्या उन्हाळ्यात सर घरी आले. सोबत धनजकडचं एक जोडपं आणि त्यांची मुलगी होती. काटकुळी, डोळे चमकते. मी स्टुलावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मला जमिनीवर फार वेळ बसता येत नाही. माय समोर निवडत होती.

"या पोट्टीची निवड झाली सेंटरवर," सर म्हणाले. "म्या म्हटलं, धाडायच्या आधी हिले इचारा."

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "बाई, तुमी सांगा. धाडू का नको?"

मी सांगितलं. वजनकाटा सांगितला, मांडीवरचा भार सांगितला, बर्फ आणि गोळ्या सांगितल्या. मॅडमना पाठीचं मी किती वेळा सांगितलं तेही सांगितलं. मायचे हात थांबले.

"तू सांगतलं व्हतं?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग तवा नाई काहून म्हटलं?"

"मले परत जायचं व्हतं, माय."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तुहा बाप तुलेच बोलत गेला." मुलीची आई अस्वस्थ होऊन इकडेतिकडे पाहायला लागली. मुलगी तेवढी माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांतली चमक जराही कमी झाली नव्हती. मी ते ओळखलं. त्या वयात मलाही कुणी हे सगळं सांगितलं असतं, तरी मी "हाव"च म्हणाले असते.

त्यांनी तिला जूनमध्ये पाठवलं. मॅडम आता तिथे नाहीत, दुसऱ्या आहेत, चांगल्या आहेत, असं सर म्हणाले. जाण्याआधी मुलगी एकटी माझ्याकडे आली होती. तिला निरोप देताना मला तिचा हेवा वाटला, तो अगदी स्वच्छ, दुखण्यासारखाच.

"ताई, दुखलं तं कोणाले सांगू?" तिनं विचारलं.

"मॅडमले सांगजो. त्यायनं नाई आयकलं तं बाबाले सांगजो. मले सांगजो. जो भेटीन त्याले सांगजो."

तिनं माझा नंबर तळहातावर पेनानं लिहून घेतला. अजून तिचा फोन आलेला नाही. दुखत नसेल, असं माय म्हणते.