शेजारीण येताना आणायची तो मग

समोरच्या घरातली बाई रसायनशास्त्रज्ञ होती, हे मला तब्बल दोन वर्षांनी कळलं. तोवर ती माझ्या लेखी नुसती एक काळी, वयस्कर शेजारीण. शिकागोजवळच्या या शॉमबर्गला लोक हात हलवतात आणि गॅरेज बंद करून आत जातात, कळणार तरी कसं? लेकीचा सायन्स प्रोजेक्ट अडला तेव्हा तिनेच तो मार्गी लावला. मग दर शनिवारी दुपारी ती येऊ लागली. येताना स्वतःचा चहाचा मग घेऊन यायची. मी म्हणायचे, असते एकेकाची सवय.

एका शनिवारी मी मुद्दाम एक सिनेमा लावला. अंतराळयानांची गणितं सोडवणाऱ्या काळ्या बायकांचा, जुन्या काळातला. म्हटलं, तिला बरं वाटेल. शहाणपणा माझा, दुसरं काय.

त्या बायकांना पाण्याचा नळ वेगळा, जेवायचं टेबल वेगळं. मी सारखी डोळे पुसत होते. "काय दुष्ट माणसं असतील गं," असं लेकीला दोनदा म्हणाले. शेवटी गोऱ्या साहेबाने सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, तेव्हा तर मला हुंदकाच आला. शेजारणीने आपल्या मगमधून चहाचा घोट घेतला.

"आमच्या लॅबमध्ये टाळ्या नव्हत्या," ती म्हणाली. "मी शोधलेला रंग साहेबाच्या नावावर गेला. डबा मी माझ्या गाडीत बसून खायचे, कॉफीला हा मग घरून न्यायचे."

लेकीने तिच्या मगकडे बोट दाखवलं. "बट व्हाय डू यू ब्रिंग इट हिअर?"

"सवय," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

आणि मला आठवलं. इथे आलो त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिलाही बोलावलं होतं. बाकी सगळ्या जणींना काचेच्या कपातून चहा दिला आणि तिला कागदी कपातून. कप कमी नव्हते हो. पुण्याला आमच्या कामवाल्या मावशींचा कप मोरीपाशी वेगळा पालथा असायचा. तो वेगळा का, हे मी कधी विचारलं नाही. इथेही हात आपोआप कागदी कपाकडे गेला. मला लाज वाटली, इतकी की तिला निरोप द्यायला दारापर्यंतही गेले नाही.

पुढच्या शनिवारी मी तिला काचेच्या कपात चहा दिला आणि सॉरी म्हणाले. कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही. सावकाश चहा प्यायली, आलं छान लागलंय म्हणाली. मग उठून सिंकपाशी गेली आणि मी नको नको म्हणत असताना कप स्वतः धुतला.

"हा कुठे ठेवू?" तिने अगदी साध्या आवाजात विचारलं. "बाकीच्यांबरोबर चालेल ना?"