तारामतीची तिसरी खेप

निलंग्याच्या वाटेवर जीप खड्ड्यात आदळली की तारामती एक हात पोटावर दाबून धरायची, आणि ड्रायव्हर सिद्धरामचं आपल्याकडे लक्ष नाही ना, हे हळूच बघायची. मागे गोधड्यांत गुंडाळलेलं एक्स-रेचं मशीन होतं. दवाखान्यात येऊ न शकणाऱ्या पेशंटची फिल्म घरी जाऊन काढायची, हे तिचं काम. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, तसा तिचा नवरा शेषेराव नांदेडहून कारकून म्हणून इकडे आला आणि तिलाही इथल्या एका डॉक्टरांकडे नोकरी लागली. मुदखेडच्या रेल्वे गँगमनची ती लेक. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं होतं, पोरगी झाली तरी शिकवायची. एक्स-रेचा कोर्स झाला, पगार सुरू झाला. बापानं गल्लीभर पेढे वाटले.

पण या नोकरीत तिचे दोन गर्भ पडले होते. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी." दुसऱ्या वेळी तिनं मशीनचं नाव काढलं, तर हसले. "अगं, एवढ्याशानं काही होत नाही. एप्रन घालतेस ना?" शिशाचा तो जड एप्रन घालतच होती ती. परवा मात्र तो झटकायला उन्हात धरला, तर आतल्या थराला घडीवर चीर पडलेली बोटाला लागली. त्या दिवसापासून तिला धड जेवण जात नव्हतं. तिसरा महिना लागला होता. शेषेरावलाही सांगितलं नव्हतं. याही वेळी काही झालं तर त्याचं तोंड बघवणार नव्हतं.

गावात पोचले तेव्हा टँकर येऊन गेला होता आणि रस्त्यावर रिकाम्या घागरी लवंडलेल्या होत्या. मागच्या टँकरच्या रेटारेटीत धुरपताबाई पडली होती. म्हातारी बाजेवर आडवी. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. सून, शेजारपाजार सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, लेक व्यंकटी तेवढा घरात. घरातली वायर मशीनचा भार सोसेना, म्हणून समोरच्या पिठाच्या गिरणीतून लाईन ओढली. तिचा प्लग सारखा निसटत होता, त्यामुळे सिद्धराम गिरणीतच तो धरून उभा राहिला.

"ह्यो इस्तू अंगातून जातो म्हनं?" म्हातारीनं मशीनकडे बोट केलं. "हाडं जळत्यात का वं बाई?"

"न्हाई मावशी. फोटो काढल्यावानी हाय. निस्तं हालायचं न्हाई."

व्यंकटीनं पाय धरला. तारामतीनं एप्रन घातला, बटणाची वायर घेऊन दाराकडे सरकली आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं. व्यंकटीनं दचकून हात काढला, म्हातारी कळवळून वळली. प्लेट वाया गेली.

"बाई, मला न्हाई जमायचं," व्यंकटी उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मर्दपना जातो म्हनून सांगत्यात ह्यानं. माझं लगीन औंदाच झालंय."

तिनं समजावलं, रागावली, हात जोडले. तो आत येईना. आता एकच प्लेट उरली होती. व्होल्टेज कमी, म्हणजे बटण जास्त वेळ दाबावं लागणार. तेवढा वेळ तो पाय कोणीतरी घट्ट धरायला हवा होता. खोलीत ती आणि म्हातारी, दोघीच.

तारामती बाजेजवळ गेली. एका हातानं पाय धरला, दुसऱ्या हातात बटण. मशीनचं तोंड तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर. एप्रनमधली चीर नेमकी कुठं आली असेल, हे ती बटणाच्या हातानं अंगावरूनच चाचपायला लागली.

"तू पोट का चाचपायलीस?" धुरपताबाईनं विचारलं.

कोणालाच न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "मावशी, मला दिवस गेलेत. आदीचे दोन न्हाई टिकले."

 म्हातारीनं तिचा हात पायावरून झटकून टाकला.

"मंग हितं का उबी हाईस? भायेर हो. त्या भिताडाच्या मागं जा."

"तुमी हालाल."

"न्हाई हालत. जा म्हनलं ना!"

धुरपताबाईनं पदराचा बोळा दातांत धरला, दोन्ही मुठींत बाजेची लाकडं आवळली आणि डोळे मिटले. तारामतीनं बटणाची वायर ताणून दाराबाहेरच्या भिंतीआडून बटण दाबलं. मशीन घरघरत राहिलं, संपेचना. म्हातारीच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं. पाय जागचा हलला नाही.

लातुरात नळाला आठवड्यात एकदा पाणी. डार्करूममध्ये तारामतीनं बादलीभर पाण्यातच फिल्म धुतली. पण चित्र स्वच्छ उमटलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. धुरपताबाईला दवाखान्यात आणून पायाला वजन बांधलं.

त्याच संध्याकाळी तिनं डॉक्टरांना आणि मग घरी शेषेरावला सांगितलं. डॉक्टरांनी एप्रन उजेडात धरून पाहिला. या वेळी ते हसले नाहीत. तिला केस-पेपरच्या टेबलाशी बसवलं. पुढचे महिने तिनं जीव मुठीत धरून काढले. पोटात हालचाल थोडी मंदावली तरी शेषेरावला उठवून बसवायची. मुदखेडला, माहेरी, लेक झाली. अंगानं बारीक, पण धडधाकट. आधीचे दोन मशीनमुळं गेले का, हे मात्र कोणीच छातीठोकपणे सांगितलं नाही.

लेक चालायला लागल्यावर ती कामावर परतली, नवा एप्रन आणायला लावूनच. एकदा व्यंकटी आईची फिल्म डॉक्टरांना दाखवायला आला. म्हातारी आता काठी टेकत फिरत होती.

"आई इचारती, बाईचं काय झालं?"

"लेक झाली म्हनावं."

तो ओशाळून हसला. "आता भ्या न्हाई ना वाटत मशीनीचं?"

"वाटतं की," तारामती म्हणाली आणि त्याला दाराबाहेर थांबायला सांगून, नवा एप्रन चढवत पुढच्या पेशंटच्या फिल्मसाठी मशीनच्या खोलीत गेली.