साडूभाऊंचा कायदेशीर वस्तरा

कायद्याला भिणारी माणसं पुष्कळ असतात, पण कायद्यालाच कंटाळा येईपर्यंत तो पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला! चिपळूणकडचे हे गृहस्थ बहरीनला, मनामात एसी दुरुस्तीचं काम करायचे आणि मी तिथल्याच एका व्यापाऱ्याकडे कारकून होतो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. भर ऑगस्टच्या दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, साडूभाऊ सिग्नलची वाट बघत उन्हात उभे राहायचे आणि शेजारी घामाने निथळत मी. सुट्टीवरून परतताना विमानतळावर सगळे प्रवासी खाली मान घालून सटकायचे, हे मात्र स्वतःहून कस्टमवाल्याला गाठून सांगायचे, "कैरी का अचार है, एक बरनी, घर का." रेसिडेंट कार्डाची एक प्रत पाकिटात, एक बुटात आणि एक, का कोण जाणे, माझ्याकडे! वर माझी बायको मला सुनावायची, "भावजींकडून शिका काहीतरी." शिकलोही असतो हो, पण तेवढं आयुष्य कुणाकडे आहे?

अशा माणसाला नाद असावा तो वस्तऱ्याचा! बाब अल बहरीन बाजाराच्या मागच्या गल्लीत घेतलेला, काळ्या मुठीचा, खरा न्हाव्याचा वस्तरा. त्याची पावती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून डबीतच ठेवली होती; उद्या कुणी विचारलं, हा आला कुठून, तर? माझ्या प्लास्टिकच्या रेझरला ते 'खेळणं' म्हणत. स्वतः रोज चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजून दाढी करत, आणि दर शुक्रवारी नमाजाच्या आधी खोलीतल्या चाचांच्या दाढीची कड रेखून देत. चाचा रत्नागिरीचे, शिंपी, अकरा वर्षं साडूभाऊंचे रूम पार्टनर. पांढरी आखूड दाढी, आणि गालावर तिची कड अशी की फुटपट्टी लाजावी. चाचा दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देत नसत.

त्या वर्षी चाचा आजारी पडले. पोटाचं काहीतरी होतं, आणि डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. महिनाभर इस्पितळात होते, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा निकाह होता. गावी जायचं तिकीट निघालं होतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा दाढी वाढून गळ्यापर्यंत उतरली होती. तिथल्या ब्रदरने सगळीच भादरून टाकायची तयारी दाखवली, तर चाचांनी त्याचा हात धरला म्हणे. साडूभाऊंना म्हणाले, "व्याह्यांपुढं असा जाऊ काय रे मी? पोरीचा बापूस मरायला आलाय म्हनतील. तू येऊन कड मार." साडूभाऊ म्हणाले, "परवा आणतो." उद्या का नाही? तर उद्या त्यांना वस्तरा रस्त्यावरून नेण्याची परवानगी काढायची होती!

मी कपाळाला हात लावला. त्या दिवसांत दंग्यांमुळे शहरात जागोजागी तपासणी चालायची, हे खरं. पण मी साधा उपाय सुचवला होता, डब्यात चपात्यांच्या खाली घाला आणि चला. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बँक फोडायला निघालोय. "लपवला म्हणजे गुन्हा, राव," ते म्हणाले. "सांगून नेला म्हणजे सामान."

पोलीस चौकीत ते मलाही घेऊन गेले. काउंटरवर त्यांनी डबी ठेवली आणि, काय सांगू, नीट दिसावा म्हणून वस्तरा उघडला! आतले तिघं एकदम उभे राहिले. मी तर दाराकडे सरकलो. साडूभाऊंनी शांतपणे पावती पुढे केली. मिशीवाला हवालदार हिंदी बोलणारा निघाला, म्हणून वाचलो.

"घर में रखो, बाबा. दाढी बनाओ. खलास."

"लेकिन रस्ते में?"

"यहाँ तक कैसे लाया?"

"जेब में."

"किसी ने पकड़ा?"

"नहीं."

"तो फिर मुश्किल मफी, कोई प्रॉब्लेम नहीं! मरीज के लिए है ना? बंद करके ले जाओ. यल्ला, चलो!"

"लिख के दोगे?" साडूभाऊंनी विचारलं. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

इस्पितळाच्या दारात केरळी रखवालदाराने डबी उघडली आणि मान हलवली. वस्तरा आत जाणार नाही. मी हात जोडले, चाचांच्या मुलीच्या निकाहाचा किस्सा सांगितला, थोडा आवाजही चढवला. साडूभाऊंनी मला मागे सारलं. "त्याचं बरोबर आहे," म्हणाले. मग रखवालदाराला विचारलं, "औजार अंदर नहीं जाता. पेशंट बाहर आता है?" तो गोंधळला. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर येतो, म्हणाला. झालं! दोन दिवस साडूभाऊ कामावरून सुटले की त्या डॉक्टरच्या दारात. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळाली: मोकळी हवा, पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी विमान होतं.

फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत चाकांच्या खुर्चीवर चाचा बसले. मी पाण्याचा मग धरला, रखवालदाराने आपणहून आरसा धरला. युनिफॉर्म दिसला की कागद पुढे करणारे माझे साडूभाऊ! पण या वेळी त्यांनी रखवालदाराकडे पाहिलंसुद्धा नाही. चाचांचे गाल आत गेले होते, तिथे बोटाने कातडी ताणत, श्वास रोखून त्यांनी एक एक रेघ मारली. चाचांनी आरशात एक गाल पाहिला, दुसरा पाहिला आणि म्हणाले, "झाला. आता जातंय." साडूभाऊ तुरटी फिरवत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. पंधरा मिनिटं संपली तेव्हा त्यांनीच आठवण करून दिली.

दोन महिन्यांनी चाचांच्या मुलीचं पत्र आलं. निकाहात अब्बा पहिल्या रांगेत बसले होते, कुणाला आजारी वाटलेच नाहीत, असं तिने लिहिलं होतं. निकाहानंतर अठराव्या दिवशी ते गेले, हेही त्यातच होतं. साडूभाऊंनी पत्र मला दोनदा वाचायला लावलं आणि उठून गेले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ते आमच्याकडे आले. चहा झाला, वर्तमानपत्र झालं, तरी हलेनात. हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. माझी दाढी सकाळीच झाली होती. त्यांनी एकदा माझ्या गालाकडे पाहिलं आणि नजर वळवली. मला फार वाईट वाटलं. त्या आठवड्यापासून, बहरीन सोडेपर्यंत, मी शुक्रवारची दाढी स्वतः करणं बंद केलं.