कळून केलेलं

गिरण्यांचा संप लांबत गेला तेव्हा बाबांनी मासे सोडले. मालवणी माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे मालवण्यालाच विचारावं. गिरणी उघडावी म्हणून नवस केलाय, असं त्यांनी घरात सांगितलं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी बांगडे तळले जात आणि बाबा गॅलरीत जाऊन उभे राहत. आत्या चेष्टा करायची, "गिरणी काय बांगडे खाल्ल्यामुळे बंद पडली?" बाबा हसायचे नाहीत. मीही हसायचे नाही, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. संपाच्या पहिल्याच वर्षी तिला घाटकोपरहून स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, शांत, हुंड्याची अट नाही. बघायला आला तेव्हा त्याने आत्याला कंपनीतल्या कामाबद्दल विचारलं आणि ती चक्क बोलत बसली. एरवी ती पाहुण्यांसमोर तोंड उघडायची नाही. तो गेल्यावर दोन दिवस ती भांडी घासताना गुणगुणत होती. मग तिकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पत्रिका कुणी पाहिलीच नव्हती. बाबांनी मध्यस्थाला गाठून सांगितलं होतं, मुलीला फेफरं येतं, तुमची फसवणूक नको. आत्याच्या पगारावर आमची चूल पेटत होती, ती गेली असती तर आमची पुरती वाट लागली असती. हे मला कळलं ते आईमुळे. आत्या सकाळच्या पाळीला गेली की आई बाबांच्या मागे लागायची, तिला सांगून मोकळे व्हा. मी दप्तर भरत असायचे. मला ऐकू जातं, हे दोघांच्याही ध्यानात नसायचं.

मासे सुटले ते तेव्हापासून. पुढे सोमवारचा उपास आला, चप्पल न घालता देवळात जाणं आलं. पहाटे नळ आला की बाबा आत्याची बादली आधी भरून ठेवत. पाऊस असला की छत्री घेऊन तिला स्टेशनपर्यंत पोचवत. तिला वाटायचं, दादा बेकार बसलाय, त्याला चैन पडत नाही. चैन खरंच पडत नव्हतं. जेवताना ते मध्येच उठत, पेपर उघडून तेच पान धरून बसत, आत्या घरात आली की काहीतरी काम काढून बाहेर पडत. मला त्यांची दया यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. माणूस प्रायश्चित्त घेतो तेही आपल्याला झेपेल तेवढंच, असं मला तेव्हा वाटायचं. मासे सोडायला जमतं, उपाशी राहायला जमतं. ज्याचं वाटोळं केलं त्याच्या तोंडाकडे बघून चार शब्द बोलायचे तर जीभ टाळ्याला चिकटते. कितीदा माझ्या ओठांवर यायचं, की मीच सांगून टाकते. मग वाटायचं, आई म्हणते तसं हे बाबांनीच सांगायला हवं, आणि मी दप्तर उचलून शाळेला निघायचे.

गिरणी काही उघडली नाही. दोन वर्षांनी बाबांना भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. पहिल्या दिवशी निघण्याआधी गावच्या देवासाठी नारळ ठेवायचा ठरला. आमच्यात अशा वेळी घरातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळ्यांदेखत मोठ्याने सांगणं सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. बाबांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले. नोकरी लागली, होय म्हाराजा. घराक यश दी, होय म्हाराजा. मग नेहमीचं वाक्य आलं.

"कळत नकळत काय चुकला आसात तर ता पदरात घे रे म्हाराजा."

आई आणि मी म्हणालो. आत्याचा आवाज आला नाही. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेव्हा ती हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाली, "नकळत रवांदे, दादा. कळान केलंस ता सांग."

आईने डोळे मिटून घेतले. बाबा नारळाकडे बघत गाऱ्हाण्याच्याच सुरात म्हणाले, की बहिणीचं स्थळ मी मोडलं, तिला फेफरं येतं असं खोटं सांगून मोडलं. आत्या म्हणाली, "देवाक नको. माका सांग." तेव्हा ते वळले. तेच सगळं त्यांनी तिच्याकडे बघून पुन्हा सांगितलं, अडखळत, एकही शब्द न गाळता.

आत्याला वर्षभर माहीत होतं. कंपनीत घाटकोपरहून येणाऱ्या एका बाईने तिला डबा खाताना विचारलं होतं, आता फिट येत नाहीत ना गं? तिथून तिने सगळं जुळवलं होतं. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. मास्तरांचं लग्नही होऊन गेलं होतं म्हणे.

बाबा खाली मान घालून म्हणाले, घर चालायचं नाही म्हणून केलं, तू गेली असतीस तर पोरीने काय खाल्लं असतं.

आत्याने पदर खोचला. तिलाही पाळीला निघायचं होतं.

"माका इचारलं असतंस," ती म्हणाली, "तर त्या वर्षी मीच नको म्हटलं असतंय. घर माझा पण होता ना? नाय म्हणूची पाळी माझी होती, दादा. ती तू घेतलंस."

खोटं बोललो याचं दुःख बाबा दोन वर्षं वाहत होते. आपण तिचं नेमकं काय घेतलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि आम्हा सगळ्यांसमोर रडायला लागले. आत्या डबा घेऊन निघून गेली.