बाईंची सर्कस आणि आम्ही तिघं

चार मास्तर शाळेबाहेर पडले की किस्सा झालाच समजा! आमच्या अकोल्याच्या शाळेत असे पोतंभर साठलेत. बाकीचे मी हसत सांगतो. हे सांगताना मात्र मान खाली जाते.

मुख्याध्यापिका इंगोले बाई रिटायर झाल्या. त्यांनी आधीच बजावलं होतं, "समारंभ नको. जल्मभर सहलीत पोरंच मोजली. एकदा मले बसून काई पाहू द्या!" अमरावतीत नव्या पद्धतीची सर्कस आली होती. आम्ही तिघं त्यांना घेऊन गेलो.

* * *

विज्ञानाचे लोहकरे सर गेटवरच अडले. "वाघ नाई, हत्ती नाई, मंग सर्कस काहून म्हणता?" मागे रांग खोळंबली.

बाई म्हणाल्या, "लोहकरे, तुमी आत चाला. जनावर कमी पडणार नाई!"

* * *

आत झकास लायटिंग. दहा जणांनी एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा रचला. पी.टी.च्या वानखडे सरांना खालच्या गड्याचा गुडघा वाकलेला दिसला. सरांची शिट्टी सुटीतही खिशात असते. फुर्रर्र!

अख्खा मनोरा लटपटला. कुणी पडलं नाही, नशीब आमचं. पण बाईंनी घाबरून डोळे मिटले, ते मनोरा उतरल्यावरच उघडले.

* * *

विदूषक आला तशी पोरं किंचाळायला लागली. बाईंना नीट पाहता यावं म्हणून मी उभा राहून ओरडलो, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

अमरावतीची पोरं, मला ओळखतही नव्हती, तरी गुमान बसली! बिचारा विदूषक पडला, आपटला, अंगावर बादली ओतून घेतली. तंबूत चिडीचूप. मी तेव्हाच घरी जायला हवं होतं.

* * *

पण इंटरव्हलमध्ये आम्ही मॅनेजरकडून दहा मिनिटं माइक मागून ठेवला होता. बाई नको म्हणाल्या म्हणून काय झालं, शाल-श्रीफळाशिवाय निरोप कसा द्यायचा? बाईंना रिंगणात उभं केलं. लोहकरेंचं प्रास्ताविक, वानखडेंच्या हस्ते सत्कार, मग माझं भाषण. लोक समोसे खाऊन परत आले. दोरीवर चालणारी मुलगी वर जाऊन उभी राहिली. मी अजून बाईंच्या बालपणातच होतो.

बाईंनी शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि माइक घेतला. वर पाहून म्हणाल्या, "पोरी, तू कर सुरू. या मास्तरायचं काई संपत नाई!"

तंबूभर टाळ्या. मुलीनं दोरीवर पाऊल टाकलं. बाईंनी तिथंच रिंगणात मांडी घातली आणि वर पाहत बसल्या.

मी बाजूला उभा. अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात भाषणाची उरलेली चार पानं!