लेंडीमामी आणि तांबूस किडे

कुठलाही जीव दिसला की लेंडीमामींचा पहिला प्रश्न ठरलेला, "ह्ये खातंय काय?" भिंतीवरच्या पालीबद्दल तोच, गल्लीत आलेल्या नव्या जावयाबद्दलही तोच. खाणं कळलं की समोरच्याची सगळी कुंडली त्यांच्या हाती येई. पिंगळीच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा त्या माझ्या शेजारीण होत्या. आठ शेळ्या, चार कोंबड्या आणि गल्लीतल्या प्रत्येक परसबागेला फुकट लेंडीखत. नाव त्यावरूनच पडलेलं, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान.

मागच्या अंगणात मी गांडूळखताचा टब मांडला, तोही त्यांच्याच लेंडीच्या भरवशावर. महिन्याभरात टबात टाचणीच्या टोकाएवढे तांबूस किडे वळवळू लागले. शेतीच्या पुस्तकात त्यांना कोळी म्हणतात (जाळं विणणारा तो नव्हे), एवढं वाचून मी फवारणीचं औषध आणायला निघाले. मामींनी दारातच अडवलं. टबातलं मूठभर खत पिळून पाहिलं, तर पाणी ठिबकलं. "मास्तरीनबाई, गांडुळं पाळायलात का म्हशी? लय पाणी, लय खायला. उरलेलं खायाला हे येणारच की." आठवडाभर त्यांनी पाणी आणि भाजीची देठं बंद केली आणि टबात टरबुजाच्या साली पालथ्या ठेवायला लावल्या. सकाळी साली किड्यांनी माखलेल्या असत, त्या उचलून कोंबड्यांपुढे टाकायच्या. कोंबड्या खूश, मामी त्याहून खूश. टबात बारीक, उड्या मारणारे पांढरे किडेही होते, त्यांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या, बुरशी खायलेत बिचारे."

एकदा शेळ्यांना जंताचं औषध पाजलं आणि मामींनी जाहीर केलं, पंधरा दिवस कुणालाच लेंडी नाही. "शेळीच्या पोटातले जंत मरतेत, मग तुमची गांडुळं वाचतील व्हय?" लिहिता येत नव्हतं, म्हणून गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायच्या. मला कुठला धीर! मामी बहिणीकडे झरीला गेल्या त्या रविवारी मी गोठ्यातून घमेलंभर लेंडी उचलली आणि टबात पसरली.

तीन दिवसांत बहुतेक गांडुळं मेली. त्यांच्यावर तांबूस किड्यांचा थर. मामी परत आल्या तेव्हा मी सगळा दोष सरळ किड्यांवर ढकलला. त्यांनी वाकून नीट पाहिलं. "न्हाई. हे जितं खात न्हाईत, मेलेलं खायलेत. मारलंय दुसऱ्यानंच." मामींचा चेहराच उतरला होता. "शेवटची लेंडी मी औषधाच्या आधी दिली का नंतर, आठवंना बघा. डोकं चालंना आता माझं." मी तोंड उघडलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

पंधरा दिवस उलटले तरी त्यांनी कुणाला लेंडी दिली नाही. बायका टोपली घेऊन आल्या की म्हणायच्या, "माझ्या हातचं नका नेऊ." एका सकाळी मामी चांगली वाळलेली लेंडी खड्ड्यात लोटताना दिसल्या, आणि मला राहवलं नाही. टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांदेखत मी सगळं सांगून टाकलं.

मामी ताठ उभ्या राहिल्या. "म्हंजी डोकं शाबूत हाय माझं!" आणि एवढ्या जोरात हसल्या की शेळ्या बिचकल्या. मग मला म्हणाल्या, "माझी न्हाई, त्यांची माफी माग. त्यांच्या लेंडीला बट्टा लावलास तू." मी, सातवीची वर्गशिक्षिका, आठ शेळ्यांपुढे हात जोडून उभी राहिले. बायकांनी तोंडाला पदर लावले. वाचलेली मूठभर गांडुळं निवडून टब पुन्हा मामींनीच लावून दिला. त्या दिवसापासून मला 'तू' म्हणू लागल्या, आणि येईल त्या पाहुण्याला माझी ओळख करून देऊ लागल्या, "ही आमची लेंडीचोर मास्तरीन."

मामी गेल्याला आता वर्ष होईल. शेळ्या त्यांच्या लेकीनं नेल्या. टब चालू आहे, किडे येतात, जातात. गल्लीत सगळे मला 'बाई, बाई' करतात, मान देतात. चोर म्हणणारं कुणी उरलं नाही, याचं इतकं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.